काढल्याने वाढणारी ठेव

हिरकणीची कथा आपणांपैकी कोणी ऐकली नाही? गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे भुकेले, म्हणून ती माऊली रायगडाचा कडा उतरून गेली. ही आख्यायिका खरी मानावी की नाही हा वाद बाजूस ठेवू. परंतु बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे, ही अडचण धसईच्या परिसरात रोजाने शेतावर जाणाऱ्या बाईला आजही चुकलेली नाही. मुंबई इलाख्याने १९२९ साली कारखान्यांतील बाळंतिणींसाठी देशातील पहिला प्रसूतिलाभ कायदा केला. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. दुसऱ्याच्या बांधावर राबणारीला मात्र अशी रजा कोण देणार?

मग काही दिवसांत घरात शब्द उमटतो, ‘दूध आटले.’ यामागे एक जुनी समजूत आहे, की दूध म्हणजे रांजणातले पाणी. काढले की संपले. वस्तुस्थिती उलट आहे. नदीच्या वाळूत खणलेला झिरा उपसावा तसा भरतो, दुधाचेही तसेच. बाळ ओढते तेव्हा मेंदूतील एका ग्रंथीतून दोन द्रव्ये पाझरतात. एक दूध तयार करविते, दुसरे ते बाहेर लोटते. दूध आतच साचून राहिले, तर शरीर उत्पादन कमी करते. म्हणून बाळ दूर असताना दूध हाताने काढीत राहणे, हाच ते टिकविण्याचा मार्ग. छाती मऊ लागली म्हणजे दूध कमी, असेही नव्हे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा वेळा तरी लघवी करीत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन वाढत नसेल, तर मात्र दवाखाना गाठावा.

पेढी म्हटली की धसईकरांस २०१६ सालचा डिसेंबर आठवेल. रोकडीवाचून व्यवहार करणारे गाव म्हणून मुरबाडच्या धसईचे नाव तेव्हा गाजले. दुधाच्या पेढीचा इतिहास याहून जुना आहे. पहिली पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातील पहिली १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांच्या कोवळ्या आतड्यांना वरचे दूध सोसत नाही. त्यांच्यासाठी ही सोय. दात्या मातेची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, गोठवून ठेवतात. स्वतःच्या बाळाचे पोट भरून उरलेले दूध ती देते. देण्याने तिचा झरा आटत नाही.

घरची रीत याहून सोपी आहे. हात धुवावेत, भांडे उकळून घ्यावे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेपासून किंचित मागे अंगठा व बोटे ठेवून प्रथम छातीकडे, मग एकमेकांकडे दाबावे आणि सोडावे. स्तनाग्र ओढू नये. काढलेले दूध झाकून सावलीत ठेवावे, चार तासांच्या आत वाटी-चमच्याने किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने पाजावे.

हे सारे एकट्या आईने करावयाचे नाही. आजीने बाळ सांभाळावे, मालकाने दुपारी वीस मिनिटे आडोसा द्यावा, घरच्यांनी ‘आटले’ हा शब्द जपून वापरावा. हिरकणीचा कडा आता तिने एकटीने उतरू नये, एवढी व्यवस्था गावाला खचित करता येईल.