एक जूनची मुले

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची तीच होती. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि तोवर मुलाला सहा वर्षे पूर्ण व्हायला हवी असत, म्हणून गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे.

इचलकरंजीत अब्बा मला शाळेत घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी वय विचारले. अब्बा म्हणाले, "मोठा पाऊस झाला त्या साली झाला, गुरुजी." गुरुजींनी मला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितले. बोटे कानाला लागली आणि मी सहा वर्षांचा झालो. सोबत थोरले भाईजान होते. गुरुजी म्हणाले, "ह्यालाही बसवा की." अब्बा खाली बघत म्हणाले, "त्याचं काम लागलंय."

भाईजान असतील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. एका मागाच्या शेडमध्ये ते कांड्या भरत. इन्स्पेक्टर येणार अशी कुणकुण लागली की मालक त्यांना सुताच्या बाचक्यांमागे बसवी. तरीही कोणी पाहिलेच तर काय बोलायचे, हे पढवून ठेवलेले होते : "चौदा सांगायचं."

पुढे बालमजुरीच्या इतिहासाची पुस्तके हाती आली, तेव्हा लक्षात आले की मुलाचे वय नेमके किती, या प्रश्नाने जगभरच्या सरकारांना भंडावून सोडले होते.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तिथल्या कापडगिरण्यांत मुले तुटलेले धागे जोडत, चालत्या यंत्राखाली शिरून कापूस झाडत. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत मनाई झाली. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आली आणि रोज दोन तास शिक्षण द्यावे असे ठरले. देखरेखीला सगळ्या देशात मिळून चार इन्स्पेक्टर! पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १८३७ मध्ये. तोवर डॉक्टर उंची बघून दाखला देत. भूक माणसाला खोटे बोलायला लावते. आईबापही वय वाढवून सांगत. त्याच १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून दाखवून दिले की, उंचीपेक्षा दातांवरून वयाचा अंदाज अधिक नेमका येतो. बाजारात बैलाचे दात बघतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे मुलांचे बघण्याची वेळ आली होती.

आता मुंबईकडे येऊ. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तिथे कापडगिरणीचा पाया घातला आणि पाहता पाहता गिरणगाव उभे राहिले. कोकणातून, घाटावरून माणसे आली, त्यांच्यामागे मुलेही आली. या मुलांच्या बाजूने आरडाओरडा केला तो लँकेशायरच्या गिरणीमालकांनी! मुंबईचा माल स्वस्त पडतो, याची त्यांना चिंता होती. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक राष्ट्रीय वृत्तपत्रांना कारखाने कायदा म्हणजे विलायती व्यापाऱ्यांचा कावा वाटला. हा संशय खोटा नव्हता. पण गिरणीतले मूलही खोटे नव्हते. ते ओळखून सोराबजी शापूरजी बेंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्ये स्वतःच कायद्याचा मसुदा तयार केला.

१८८१ मध्ये पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपर्यंत राबवायला मुभा दिली. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास, हे त्या काळी संरक्षण होते! १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारला दिला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती अशा त्यातल्या साध्या मागण्या. १८९१ च्या दुरुस्तीने मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदापर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले.

अमेरिकेची कथाही वेगळी नाही. तिथल्या बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीने १९०८ मध्ये लुईस हाइन या शिक्षकाला फोटो काढायच्या कामावर घेतले. मालक आत सोडत नसत, म्हणून तो कधी विमा एजंट तर कधी बायबल विकणारा होऊन जाई. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापून ठेवी. त्याचे फोटो बघून देश हळहळला. १९१६ मध्ये कायदा झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ साल उजाडले.

उंची, दात, कोटाच्या गुंड्या. माणसाने किती युक्त्या केल्या! पण नुसत्या मनाईने मूल गिरणीतून निघून दुसऱ्या कामावर जाते. ते जिथे जायला हवे, ती जागा आधी तयार असावी लागते. इंग्लंडमध्ये १८८० मध्ये प्राथमिक शाळा सक्तीची झाली. तरीही अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी ही पद्धत बंद करायचा कायदा व्हायला १९१८ उजाडले.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसे होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पण आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिशांच्या कायदेमंडळाला जे परवडले नाही, ते एका छोट्या संस्थानाला परवडले.

पुढचा काळ आपल्या समोरचा आहे. १९८६ मध्ये बालमजुरीचा कायदा झाला. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला, २०१० मध्ये लागू झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला सर्वत्र बंदी आली. मात्र शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करायची मोकळीक राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात १३ कोटी ८० लाख मुले मजुरी करत होती. २०२० मध्ये हा आकडा १६ कोटी होता. म्हणजे घट आहे, ती थोडी नाही. पण या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के शेतीत आहेत, आणि शेतात ना भोंगा असतो, ना हजेरीपट.

आपल्या उसाच्या फडात जाऊन बघा. बीडकडून येणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्यांचे दहा वर्षांचे पोर वाढे गोळा करते, धाकट्याला सांभाळते, पण हिशेबात ते कुठेच नसते. गावच्या शाळेत त्याचे नाव असते, आणि हंगामभर त्या नावापुढे गैरहजेरी लागते. इथे वयाबद्दल खोटे बोलायचीही गरज पडत नाही, कारण वय विचारायला कोणी येतच नाही.

मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. भाईजान माग चालवत राहिले. माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे त्यांच्या आठवड्याच्या पगारातून आले आहेत, हे मी कधी विसरलो नाही. आधार कार्ड काढायला आम्ही दोघे मिळून गेलो होतो. तिथल्या मुलाने त्यांना जन्मतारीख विचारली. शाळेचा दाखला नाही, गुरुजींनी लिहिलेला एक जून नाही. भाईजान क्षणभर गप्प झाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कित्ता बोलूं रे?"

मला उत्तर देता आले नाही. मी माझीच तारीख सांगितली, साल तेवढे तीनने मागे घेतले. एक जूनच्या मुलांत भाईजानांचे नाव असे लागले, पन्नास वर्षे उशिरा.