कतारमधील फुटबॉल

इराणच्या आखातातील कतार या छोट्या, नैसर्गिक वायूसंपन्न अमिरातीचा सर्वाधिक लोकप्रिय खेळ व तिच्या राष्ट्रीय अस्मितेचे एक प्रमुख प्रतीक. राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९६० मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी (१९७१) झाली. राष्ट्रध्वजाच्या गडद किरमिजी रंगाचा गणवेश असल्याने राष्ट्रीय संघास ‘अल्-अन्नाबी’ म्हणतात. १९८१ च्या जागतिक युवक स्पर्धेत कतारला उपविजेतेपद मिळाले.

लोकसंख्येत मूळ नागरिक अल्पसंख्य असल्याने खेळाडू घडविण्यासाठी २००४ मध्ये दोहा येथे अस्पायर अकादमी स्थापन करण्यात आली; परदेशी वंशाच्या खेळाडूंनाही संघात स्थान मिळाले. शेजारी राष्ट्रांनी २०१७ मध्ये घातलेला बहिष्कार चालू असतानाच कतारने २०१९ चा आशियाई करंडक जिंकला. उपांत्य सामन्यात बहिष्कारात सामील असलेल्या यजमान संयुक्त अरब अमिरातीचा ४–०, तर अंतिम सामन्यात जपानचा ३–१ असा पराभव केल्याने या विजयाला राजकीय अर्थही लाभला. पुढील आशियाई स्पर्धेतही (अंतिम सामना २०२४) कतारने विजेतेपद राखले.

अरब जगतातील पहिली विश्वचषक स्पर्धा २०२२ मध्ये येथे आठ मैदानांवर झाली. तंबूच्या आकाराचे अल्-बैत आणि पारंपरिक टोपीसारखे अल्-थुमामा ही मैदाने स्थानिक संस्कृतीची द्योतक ठरली. मात्र यजमान संघाने साखळीतील तिन्ही सामने गमावले. भारत, नेपाळ, बांगलादेश आदी देशांतून येऊन स्पर्धेच्या तयारीसाठी राबलेल्या स्थलांतरित मजुरांच्या हलाखीवरून कतारवर जगभर टीका झाली.