डोहाळे: दोन काळजांचा शब्द

करजण हा गुजरातमधला, जुन्या गायकवाडी मुलखातला तालुका. इथल्या मराठी घरात डोहाळजेवण होतं आणि शेजारच्या गुजराती घरात ‘खोळो भरायचा’ असतो. खोळो म्हणजे आपली ओटीच. ‘डोहाळे’ हा शब्द आपण अस्सल मराठी मानतो, पण त्याची घडण नेटकेपणाने नोंदवलेली सापडते ती गुजरातच्याच एका पंडिताकडे. 12व्या शतकात पाटणला हेमचंद्रांनी आपलं प्राकृत व्याकरण लिहिलं. संस्कृत ‘दोहद’मधला पहिला ‘द’ विकल्पाने ‘ड’ होतो आणि शेवटचा ‘द’ ‘ल’ होतो, असं त्यात सांगितलं आहे. दोहद, डोहल, डोहळा, डोहाळा अशी ही वाट.

‘दोहद’ हेही मुळात प्राकृताच्या तोंडी झिजलेलं रूप असावं. काहींच्या मते ते ‘दौर्हृद’, म्हणजे मळमळ, जीव नकोसा होणं, यावरून आलं. आयुर्वेदाने मात्र ते ‘द्विहृदय’शी जोडलं. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गर्भवती स्त्री दोन हृदयांची. तिची इच्छा ही पोटातल्या जिवाचीही इच्छा. व्युत्पत्ती कुठलीही खरी ठरो, मला ही कल्पना फार मोलाची वाटते. सुनेला जिथे काही मागायची सोय नव्हती, तिथे या शब्दाने तिला मागण्याचा हक्क दिला. चरक तर आणखी समंजस. अपायकारक वस्तूची ओढ अनावर असेल, तर तीही हितकर पदार्थांची जोड देऊन द्यावी, असं तो सांगतो.

पण त्याच सुश्रुतात या शब्दाची काळी बाजूही आहे. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं, लंगडं, मंद, ठेंगू, नेत्रहीन होतं, असं तिथे म्हटलं आहे. तो धाक घरच्यांना होता. पुढे त्याचा रोख आईकडे वळला. दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं की आजही विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलंस का? काही खायचं राहिलं होतं का?’ आधीच खचलेल्या बाईला हे विचारणं क्रूरपणाचं आहे. ओठ जुळायचा तो सातव्या आठवड्याच्या सुमारास, तिच्या पोटात, तिच्या नकळत जुळतो किंवा राहून जातो. त्याचा विळीशी काही संबंध नाही.

डोहाळ्यांकडे लक्ष मात्र हवंच. माती, राख, खडू खावासा वाटला तर हसण्यावारी नेऊ नये. बऱ्याचदा त्यामागे लोहाची कमतरता असते, तेव्हा रक्त तपासावं. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं, डोहाळे तर दूरच. म्हणून रोजची 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायची असते.

रक्त तपासायचं ते आणखी एका कारणासाठीही. करजणच्या पूर्वेला, नर्मदा आणि छोटा उदेपूर जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या नंदुरबारातही आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून गर्भवतीच्या रक्तात वाहकपणा दिसला की त्याच आठवड्यात नवऱ्याचंही रक्त तपासायला हवं.