अजिंठ्याची माती आणि विनयातील लेप

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांतील बोधिसत्त्व, जातककथा, रंग व रेषा यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ही चित्रे ज्या मातीच्या आधाराने टिकली, तिचा विचार क्वचितच होतो. ती माती कशी होती, तिच्यात काय मिसळले गेले आणि तिला कशाने बाधा पोहोचली, हा बौद्ध कलेच्या इतिहासाचाच एक अध्याय आहे, असे आम्ही मानतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी माती तयार होते, तिच्यात माँटमोरिलोनाइट वर्गातील मृद्-खनिजे विपुल असतात. हे खनिज अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असते. पापुद्र्यांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा हा त्याचाच परिणाम होय. शिवाय चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, तसे मातीचे होत नाही. ती केवळ वाळून घट्ट होते आणि ओलावा मिळताच पुन्हा मऊ होण्यास तयार असते. अशा चंचल द्रव्यावर चित्र टिकवायचे, तर त्याला अन्य द्रव्यांची जोड देणे अपरिहार्य ठरते.

ही जोड भिक्षुसंघास ठाऊक होती, याचा पुरावा विनयपिटकातच आहे. चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात विहाराच्या भिंतींना पांढरा, काळा व गेरूचा रंग देण्याची अनुज्ञा आहे. खडबडीत भिंतीवर रंग धरत नाही, अशी अडचण भिक्षूंनी मांडली, तेव्हा भगवंतांनी उपाय सांगितले. पांढऱ्या रंगाखाली तुसाचा गिलावा थापीने बसवावा. तेवढ्याने न भागल्यास बारीक माती, झाडाचा चीक व पिठाची खळ वापरावी. गेरूसाठी कोंडा मिसळलेली माती व काळ्या रंगासाठी गांडुळांची माती सांगितली आहे. पालीतील ‘थुस’ व ‘कुण्डक’ हे शब्द आपल्या ‘तूस’ आणि ‘कोंडा’ या शब्दांत आजही जिवंत आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा नियम वरून लादलेला नाही. आधी अडचण, मग प्रयोग, तोही अपुरा पडला तर पुढचा उपाय, असा त्याचा क्रम आहे.

अजिंठ्याच्या भिंती पाहिल्या म्हणजे हीच रीत तेथे विस्ताराने आढळते. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या पाषाणावर मातीचा लेप दिलेला आहे. त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू आणि बारीक खडी मिसळली आहे. खडी फुगत नाही, त्यामुळे लेपाचे आकसणे कमी होते. तंतू भेग पसरू देत नाहीत. त्यावर पातळ पांढरा थर देऊन, तो वाळल्यावर, डिंक वा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. यांतील हिरवा रंगही पापुद्र्यांच्याच एका खनिजाचा असून ते स्थानिक पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते. निळ्या रंगाचा लाजवर्द मात्र दूरच्या बदख्शानचा.

सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याचे दान सांगतो. सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राचे नाव आहे. माती मळणाऱ्याचे नाव कोठेही नाही. त्याची विद्या मात्र प्रत्येक भिंतीवर आहे. राजवंश लयास गेले, पण पाचव्या शतकातील तो लेप अनेक ठिकाणी अद्याप पाषाणाला धरून आहे.

१८१९ साली ही लेणी पुन्हा प्रकाशात आली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ लोरेंझो चेक्कोनी यांस पाचारण केले. सुटत चाललेला लेप पुन्हा बसविण्याचे मोलाचे काम त्यांनी केले. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही चढविले. माती हवेतील दमटपणा घेते व सोडते. रोगणाने त्या देवघेवीला अडथळा झाला. शिवाय रोगण काळाने पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. ते काढण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला अत्यंत सावधपणे करावे लागले. हेतू शुद्ध होता. द्रव्याचा स्वभाव मात्र दुर्लक्षिला गेला.

मूळ कारागिरांचे सारेच उपाय निर्दोष होते, असेही नव्हे. तूस व तंतू लेपाला बांधतात, तसेच ते किड्यांचे खाद्यही होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेरूळच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे नोंदविले आहे. अजिंठ्याच्या लेपात ते नाहीत, आणि तेथे कीटकांनी केलेली हानी अधिक आहे. हे झाड कीटकांना दूर ठेवते, असे संशोधकांचे मत आहे.

आज पावसाळ्यात पाषाणाच्या सांधींतून झिरपणारे पाणी आणि दर्शकांच्या श्वासातील बाष्प ही दोन्ही त्याच मातीपर्यंत पोहोचतात. म्हणून लेण्यात शिरताना गर्दी टाळणे, भिंतीला हात न लावणे आणि आत थोडाच वेळ थांबणे हे शिष्टाचार नव्हेत. ती संरक्षणाची कृती आहे. चित्राला वंदन करणाऱ्याने ज्या मातीने ते चित्र दीड सहस्र वर्षे धरून ठेवले, तिचा स्वभावही जाणून घ्यावा. त्या अनामिक हातांचे ऋण आपण इतके तरी फेडू शकतो.