दापोलीची मिशन शाळा आणि कोकणातील विद्यार्थ्याचे वर्ष

कोकणात शाळेचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की एकीकडे भाताची पेरणी उरकते आणि दुसरीकडे नव्या इयत्तेचे पहिले धडे उघडतात. मग गणपतीची सुटी, सहामाही परीक्षा, दिवाळी, नाताळ, स्नेहसंमेलन, शिमगा आणि शेवटी वार्षिक परीक्षा. खेड्यातील कोणत्याही माध्यमिक शाळेचा वार्षिक अहवाल उघडला, तर त्यात हा क्रम, निकालाची टक्केवारी आणि बक्षिसांची यादी आढळते. मूल शाळेपर्यंत कसे पोहोचले आणि कोणते मूल पोहोचूच शकले नाही, याची नोंद मात्र अशा अहवालात सहसा नसते. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीच्या मिशन शाळेचा इतिहास या न लिहिलेल्या नोंदीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या भागात मिशनरी शिक्षणाचा आरंभ दापोलीपूर्वीच झाला होता. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले धर्मसेवक रेव्ह. डोनाल्ड मिचेल बाणकोटला आले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागून आलेल्या सहकाऱ्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे केंद्रे उभारून आसपासच्या गावांत मराठी शाळा चालविल्या. पुढे या मिशनचे कार्य पुण्याकडे वळले, पण या किनाऱ्याने एक मोठे दान दिले होते. १८२९ साली भारतात आलेले डॉ. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मराठीचे प्रारंभीचे धडे हर्णैच्या वास्तव्यात गिरविले. त्यानंतर थोड्याच अवधीत मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. शिकविण्यास आलेल्यांना आधी कोकणच्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तरीही खेड्यातील मुलाला परीक्षेचे दार दूरच राहिले. दापोलीजवळील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांना मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जावे लागले. भर पावसाळ्यात, घाट चढून, सुमारे ११० मैल ते पायी चालत गेले. तेथे पोहोचल्यावर वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ज्यांना पुढे महर्षी म्हणून जगाने ओळखले आणि १९५८ साली भारतरत्न हा किताब देऊन गौरविले, त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक वर्ष असे एका अधिकाऱ्याच्या नजरेने हिरावून घेतले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल' या अँग्लिकन संस्थेने दापोलीत इंग्रजी शाळा चालविली, तेव्हा या अंतराचा काही भाग कमी झाला. संस्थेचे मिशनरी रेव्ह. आल्फ्रेड गॅडने यांचे नाव आजही ए. जी. हायस्कूल या नावात टिकून आहे. गावात राहून मॅट्रिकपर्यंत शिकण्याची सोय झाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पांडुरंग वामन काणे यांनी १८९७ साली याच शाळेतून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण केली. पुढील शिक्षण त्यांनी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात घेतले. हर्णैला मराठी शिकलेल्या विल्सनसाहेबांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेत दापोलीचा विद्यार्थी जावा, हा योग सुंदर आहे. काण्यांनी पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे प्रचंड ग्रंथ सिद्ध केले आणि १९६३ साली तेही भारतरत्न झाले. ख्रिस्ती शाळेत शिकून हिंदू धर्मशास्त्राचा सर्वश्रेष्ठ इतिहासकार घडला. शिक्षणसेवेचे मोल धर्मांतरितांच्या संख्येवर ठरविणाऱ्यांनी, मग ते मिशनचे टीकाकार असोत वा अभिमानी, या उदाहरणाचा विचार करावा.

त्याच शाळेतील दुसरा विद्यार्थी म्हणजे पालगडचे पांडुरंग सदाशिव साने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते येथे शिकत होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकात दापोलीच्या दिवसांच्या आठवणी आहेत. खाऊसाठी मिळालेले पैसे श्यामने साठविले, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला आणि गणेशचतुर्थीसाठी धो धो पावसात, पूर आलेली नदी ओलांडून तो पायी घरी पोहोचला, हा प्रसंग मराठी वाचकाला परिचित आहे. कोणत्याही अभ्यासक्रमात न बसणारी ही त्या वर्षाची परीक्षा होती आणि तिची तयारी घरी आईने करून घेतली होती. मात्र याच कथेची दुसरी बाजू आपण विसरतो. घरच्या गरिबीमुळे दापोलीचे शिक्षण पुढे चालू ठेवणे जमले नाही आणि या बुद्धिमान मुलाला औंध संस्थानात जाऊन, स्वतः हाताने रांधून, प्रसंगी उपाशी राहून शिकावे लागले. शाळा गावाजवळ आली होती, पण गरिबाच्या ऐपतीजवळ ती पुरती आली नव्हती.

याहून कठोर नोंद दापोलीच्याच दुसऱ्या एका शाळेची आहे. दापोली ही लष्करी छावणी असल्याने निवृत्त सैनिकांची अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली होती. त्यांत महार आणि चांभार समाजांतील पेन्शनर होते. गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारखे जागृतीचे कार्य करणारे पुरुष त्यांच्यामध्ये वावरत होते. १८९२ च्या सुमारास या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा, म्हणून अर्ज केला. बऱ्याच झगड्यानंतर मुलांना प्रवेश मिळाला, तोही पडवीत बसण्यापुरता. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले होते आणि बाळ भीमराव त्या घरात वाढत होता. मिशन शाळाही या कसोटीपासून दूर नव्हत्या. दलित मुलांना वर्गात घेतले की वरच्या जातींचे पालक आपली मुले काढून घेत, असा अनुभव अनेक ठिकाणी मिशनऱ्यांना आला. काहींनी वर्ग रिकामे होऊ दिले, काहींनी तडजोड केली. आपला वारसा सांगताना या दोन्ही गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत.

आज चित्र पालटले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने अग्रस्थानी असते. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के असताना कोकणचा ९९.०१ टक्के लागला. साताऱ्याच्या वाटेवर निघालेल्या मुरूडच्या मुलाला हे स्वप्नवत वाटले असते. परंतु मुंबईकडे वाहणाऱ्या कुटुंबांमुळे खेड्यांतील वर्गांचा पट रोडावत आहे. मार्च २०२४ मध्ये शासनाने संचमान्यतेचे सुधारित निकष जाहीर केले, तेव्हा लहान पटाच्या शाळांतील शिक्षकपदांचा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. निकाल उत्तम आणि बाके रिकामी, अशा स्थितीत एखादी शाळा बंद पडली, तर वाडीवर उरलेल्या अखेरच्या दहा-बारा मुलांना पुन्हा पायपीट आली. ही मुले बहुधा ज्यांना मुंबई परवडत नाही, अशा घरांतील असतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसृत केले, त्यात गरिबांची आणि कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांची विशेष काळजी वाहण्यास कॅथॉलिक शाळांना सांगितले आहे. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण मंदिरात श्रद्धेने ऐकतो. निकालाच्या नव्व्याण्णव टक्क्यांपुढे तो दाखला आपल्याला अधिक जवळून लागू पडतो. आपल्या धर्मग्रामांतील शाळांचे वार्षिक अहवाल सिद्ध होतील, तेव्हा त्यांत एक रकाना वाढवावा: यंदा कोणत्या वाडीवरून मूल आले नाही आणि त्याच्या घरी आपल्यापैकी कोण जाऊन आले. दापोलीच्या पडवीत बसलेल्या मुलांना निदान एवढे उत्तर देणे आपल्या हाती आहे.