वेण्णा तलाव : नाव आणि वहिवाट

महाबळेश्वरचा अर्वाचीन इतिहास बहुधा मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यापासून सांगावयास प्रारंभ होतो. 1829 साली खंडाळा हे गाव देऊन त्याच्या मोबदल्यात ही जागा साताऱ्याच्या छत्रपतींकडून कंपनी सरकारने घेतली, पेठेस माल्कमचे नाव मिळाले, आणि पुढे ‘पॉइंटां’ची नामावळीही इंग्रजीच झाली. या ओघात वेण्णा तलावही साहेबलोकांच्या हौसेचे फळ असावा, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. हा तलाव 1842 साली बांधविला तो साताऱ्याचे राजे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी. 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून कंपनीने यांना गादीवर बसविले होते. 1848 साली ते निवर्तले व दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्यात आले. राज्य गेले, तलाव राहिला. त्याचा कर्ता मात्र लोकस्मृतीतून जवळजवळ पुसला गेला.

नौकाविहारासाठी बांध घातला असे मानण्यापेक्षा पाण्यासाठी घातला असे मानणे अधिक सयुक्तिक होय. सुमारे 4,500 फूट उंचीच्या या पठारावर पाऊस अमाप पडतो, परंतु जांभ्या दगडाच्या भूमीत तो ठरत नाही. उन्हाळ्यात टंचाई ठेवलेलीच. चिनी कैद्यांनी येथे भाजीपाल्याचे मळे फुलविले, स्ट्रॉबेरीची लागवड पुढे आली, आणि या सर्वांस साठविलेले पाणी हवेच होते. तलावाचे क्षेत्र सुमारे 28 एकर सांगतात. प्रवासी पुस्तकांतून त्याचा परीघ सात-आठ किलोमीटर छापलेला आढळतो, तो या क्षेत्राशी जुळत नाही. एवढ्या क्षेत्राचे वर्तुळ कल्पिले तर त्याचा परीघ सव्वा किलोमीटरही भरत नाही. काठ कितीही वळणाचा धरला तरी ही तफावत भरून निघणे कठीण. आकडे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरविले जातात, मोजले जात नाहीत.

मुंबई सरकारच्या उन्हाळी मुक्कामाचे हे ठिकाण बनल्यावर तलावाची वहिवाट पालटली. हा पालट कागदपत्रांइतकाच शब्दांतही दिसतो. कोकणच्या किनाऱ्यावर वल्ह्याची ती होडी. ‘बोट’ म्हणजे मुंबईहून बंदरोबंदरी जाणारी आगबोट. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार तिचाच. महाबळेश्वरी मात्र वल्ह्याच्या लहानशा नावेसही बोटच म्हणतात, आणि तीत बसणे हे ‘बोटिंग’. येथे शब्द साधनासवे नव्हे, खेळासवे आला. मासे धरण्याचेही तसेच. ‘मासेमारी’ म्हटले की जाळे, होडी व पोटापाण्याचा व्यवसाय डोळ्यांपुढे येतो. तलावाकाठी गळ टाकून तासन्‌तास बसणे हा वेळ घालविण्याचा प्रकार, त्यास तो शब्द जडच पडतो.

सर्वांत बोलके आहे ते तलावाचे प्रचलित नाव, ‘वेण्णा लेक’. परभाषिक शब्द घेतला, पण लिंग ‘तलावा’चे ठेवले : पावसाळ्यात ‘वेण्णा लेक भरला’ असेच म्हणतात. मराठीत ‘लेक’ म्हणजे कन्या. त्या अर्थाने वेण्णेची ही लेक म्हणावयास हरकत नव्हती. पण ती कविकल्पना झाली, बोलणाऱ्याच्या ती मनातही येत नाही.

आज नौकाविहाराची व्यवस्था गिरिस्थान नगरपरिषदेकडे आहे आणि याच तलावाचे पाणी महाबळेश्वर व पाचगणी पितात. मूळ उपयोग लोपला नाही, केवळ दृष्टीआड झाला. पाण्याची पातळी उतरू लागली की तो पुन्हा आठवतो, आणि नेमका तोच काळ बोटींच्या गर्दीचा असतो. हिवाळ्यातील एखाद्या पहाटे काठच्या गवतावर आणि बोटींच्या धक्क्यावर दवबिंदू गोठून पांढरे होतात. वृत्तपत्रांस त्या दिवशी बातमी मिळते. जून-जुलैत पाणी सांडव्यावरून वाहू लागते, बोटी बंद होतात आणि वेण्णा लिंगमळ्याच्या कड्यावरून उतरून माहुलीला कृष्णेस मिळावयास निघते.