एकोणपन्नास वर्षांची चूक

मांडवीच्या काठाला होडी लागते न लागते तोच एखादा उतावळा उतारू धक्क्यावर उडी घेतो आणि होडी मागे सरकते. नावाडी चार शब्द ऐकवतो. परंतु पुढे जावयाचे तर काहीतरी मागे रेटणे त्या उतारूला भागच होते. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात गतीचा तिसरा नियम सांगितला, तेव्हा उदाहरणे अशीच साधी घेतली. बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो. दोराने बांधलेला धोंडा घोडा ओढू लागला, तर धोंडाही घोड्याला तितक्याच जोराने मागे ओढतो.

दोन्ही ओढी सारख्या, तर मग घोडा पुढे जातो कसा, अशी शंका शाळकरी मुले घेतात आणि ती घेण्याजोगीच आहे. क्रिया एका वस्तूवर घडते, प्रतिक्रिया दुसरीवर. म्हणून त्या एकमेकींना खोडून काढीत नाहीत. घोडा टापांनी जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. हा रेटा धोंड्याच्या ओढीला भारी पडला की घोडा चालू लागतो. निसरड्या चिखलात तोच घोडा जागच्या जागी पाय झाडीत राहतो, कारण तेथे जमीन त्याला पुरता रेटा देत नाही.

मग ज्याच्या पायाखाली जमीनच नाही, त्याने काय रेटावे? जुन्या मराठी कागदपत्रांत ज्याला ‘बाण’ म्हटले आहे, ते दारूचे अस्त्र आपल्याकडील फौजांना चांगले परिचित होते. हैदर आणि टिपू यांनी त्याला लोखंडी नळीची जोड दिली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याचे नमुने इंग्लंडला गेले आणि काँग्रीव्हने त्यावरून आपले बाण घडविले. बाण सोडणाऱ्या शिपायाला मात्र या प्रश्नाचे सोयरसुतक नव्हते. बाहेर पडणारा वायू मागच्या हवेला ढकलतो म्हणून बाण उडतो, अशी समजूत पुष्कळ शिकल्यासवरल्यांचीही होती.

ती समजूत रॉबर्ट गॉडर्डला भोवली. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाच्या या प्राध्यापकाचा अतिउंचीवर पोहोचण्याच्या पद्धतीविषयीचा प्रबंध स्मिथ्सोनियन संस्थेने प्रसिद्ध केला होता. त्यात बाण चंद्रापर्यंत पाठविण्याचीही कल्पना होती. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याचा उपहास केला. पोकळीत रेटण्यास काहीच नसते, एवढेही या गृहस्थांना कळत नाही. शाळेत रोज वाटले जाणारे ज्ञानही त्यांच्यापाशी दिसत नाही, असा त्या लेखाचा आशय होता. नवल हे की, हवा काढून घेतलेल्या नळीत केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त त्याच प्रबंधात होता. पोकळीत रेटा घटत नाही, हे त्यातून दिसले होते. बाण मागे फेकतो तो स्वतःचाच वायू, आणि तो वायूच बाणाला पुढे रेटतो. हवेचा उपयोग नाहीच, उलट अडथळाच.

गॉडर्ड या प्रसंगानंतर लोकांपुढे येण्यास बिचकू लागला, पण थांबला नाही. १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावच्या शेतात त्याने पेट्रोल व द्रवरूप प्राणवायू यांवर चालणारा पहिला बाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला, ४१ फूट चढला आणि कोबीच्या वाफ्यात पडला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये गॉडर्ड वारला.

१६ जुलै १९६९ रोजी ‘अपोलो ११’ चंद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी त्याच दैनिकाने एक छोटी दुरुस्ती छापली. तिचा मतितार्थ असा की, न्यूटनचे म्हणणे खरे ठरले असून, बाण हवेत चालतो तसाच पोकळीतही चालतो, हे आता निश्चित झाले आहे. झाल्या चुकीबद्दल पत्र दिलगीर आहे.